खोडव्याचं पाचट जाळू नका, सरीतच कुजवा

ऊस गेला की शिवारात जाळ दिसायला लागतात. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवलं की तासाभरात रान मोकळं होतं हे मान्य, पण एकरी तीन-चार टन पाचटात 35 टक्क्यांच्या आसपास कर्ब (कार्बन), अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन) आणि टक्काभर पालाश (पोटॅश) असतं. जाळल्यावर पालाश राखेत बऱ्यापैकी उरतं, कर्ब आणि नत्र धुरातनं जातं आणि मग आपणच युरियासाठी रांगेत.

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या जमिनीतल्या बुडख्यांतनं पुन्हा फुटणारं पीक. तोडणी झाली की पाचट बुडख्यांवरनं ओढून सरीत दाबायचं, बुडखे उघडे पाहिजेत नाहीतर फुटवा नीट येत नाही. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे. ट्रॅक्टरवरचं पाचट कुट्टी मशीन मिळालं तर भारीच, बारीक झालं की लवकर कुजतं.

आता मेन गोष्ट. पाचटात कर्ब ढीगभर आणि नत्र चिमूटभर, म्हणजे सत्तर-ऐंशीला एक वगैरे, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना लागतं साधारण पंचविसाला एक. कमी पडलेलं नत्र ते जमिनीतनं ओढतात, म्हणून खोडवा सुरुवातीला पिवळा दिसतो आणि लोक म्हणतात पाचटानं ऊस मारला. अहो पाचटानं नाही, जिवाणू उपाशी ठेवले म्हणून! एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं कल्चर धरा, तीन टनाला युरियाची अर्धी गोणी आणि वर दीडेक किलो. युरिया कोरड्या पाचटावर फेकून तसाच ठेवू नका, अमोनिया होऊन उडतो, लगेच पाणी द्या. कल्चर शेणखतात मिसळून विस्कटा आणि ओल असतानाच पाचट पायानं तुडवा, मातीला चिकटलं तरच कुजतं, अधांतरी राहिलेलं नुसतं वाळतं.

खोडव्याची बाकीची खतं पाचटावर नाही टाकायची, पहारीनं द्यायची. बुडापासून 10-15 सेंमी लांब, 15-20 सेंमी खोल, अर्धा डोस तोडणीपासून 15 दिवसांच्या आत एका बाजूला आणि उरलेला 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. मजूर कुरकुरतात, पण खत मुळापाशी जातं. पाणी साचणारं रान असेल तर आधी चर काढा, तिथं पाचट नीट कुजायच्या ऐवजी हवेविना सडतं.

खोडवा मोडला की पुढच्या लागणीआधी ताग हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, 45-50 दिवसांनी फुलोऱ्याला येताना गाडा, त्याचं नत्र हवेतलं असतं, फुकटचं.

रिझल्टची घाई नको. एकराचा वरचा 15 सेंमी थर म्हणजे जवळपास 9 लाख किलो माती, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्क्यांचा 0.5 टक्के करायचा तर 900 किलो कर्ब टिकून राहायला पाहिजे. तीन टन पाचटात असतोच हजारभर किलो, त्यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. एका सीझनमध्ये कर्ब दुप्पट करतो म्हणून कोणी बाटली विकत असेल तर ती दुकानातच राहू द्या. माती तपासायची तर दरवेळी त्याच महिन्यात, खत टाकायच्या आधी, बांध आणि उकिरड्याची जागा सोडून नमुना घ्या, नाहीतर आकडे जुळणारच नाहीत.