लाइट गेली की इंट्रानेट नावाने उघडेना: माझा अनुभव

जालना एमआयडीसीतला आमचा कारखाना. लाइट जाऊन आली की काही पीसींवर इंट्रानेट (कारखान्याची आतली वेबसाइट) नावाने उघडायचं नाही. सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) टाकला की लगेच उघडायचं. इंटरनेट सुरळीत.

केबल बदलली, ब्राउझर पुन्हा टाकला, होस्ट्स फाइलमध्ये (पीसीवरची नाव-पत्त्यांची यादी) नोंदी केल्या (चाळीस पीसींवर ते सांभाळणं होत नाही). तीन आठवडे डोक्याला ताप.

दोष राउटरच्या डीएचसीपीत (पीसींना नेटवर्कची सेटिंग्ज वाटणारी सोय) होता. त्यातूनच पीसींना डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर, कळतो. पहिला डीएनएस आमचा सर्व्हर, दुसरा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस). सर्व्हर चालू व्हायला वेळ लागतो, पीसी आधी उठतात आणि दुसऱ्याला विचारतात. त्याला आतलं नाव माहीतच नाही. 'असं नाव नाही' हे उत्तर आलं की विंडोज पुढे विचारत नाही.

आधी सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (स्वतःला माहीत नसलेली नावं ज्याला विचारायची तो डीएनएस) म्हणून ८.८.८.८ टाका, हा क्रम चुकवू नका, नाहीतर बाहेरच्या साइट्स अडकू शकतात. मग डीएचसीपीतून दुसरा डीएनएस काढा. प्रत्येक पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig /release, मग ipconfig /renew, शेवटी ipconfig /flushdns. क्रोममधलं 'सिक्युअर डीएनएस' बंद करा, नाहीतर क्रोम आपल्या सर्व्हरऐवजी बाहेरच्या डीएनएसला विचारू शकतो. आता सगळा भार एकाच डीएनएसवर येतो, म्हणून सर्व्हर आणि नेटवर्क स्विच (पीसी-सर्व्हरच्या केबल जोडणारा डबा) दोन्ही यूपीएसवर घ्या.