नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ: नोंदणी, पसंतीक्रम आणि मतमोजणी

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील पदवीधर मिळून विधान परिषदेवर एक आमदार निवडून देतात. हा हक्क साधारण सहा वर्षांतून एकदा बजावता येतो आणि अनेकांच्या हातून तो मतदानाच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी नोंदणीच्या वेळीच निसटतो.

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून ते पदवीधरांच्या यादीत आपोआप येत नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. त्यामुळे मागील वेळी मतदान केलेल्यांनीही नमुना १८ हा नोंदणीचा अर्ज पुन्हा भरला पाहिजे. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या तारखेला धरून मोजतात तो दिवस, १ नोव्हेंबर असतो. त्याच्या किमान तीन वर्षे आधी पदवी मिळालेली असावी आणि अर्जदार मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा. विद्यापीठ महाराष्ट्रातीलच हवे, अशी अट नाही. अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडावी. कार्यकर्त्यांनी गोळा केलेले गठ्ठ्याने अर्ज स्वीकारले जात नाहीत, म्हणून आपला अर्ज आपणच द्यावा आणि पोच जपून ठेवावी.

आपण कोणत्या सभागृहासाठी मत देतो, हेही नीट माहीत असावे. परिषदेची सदस्यसंख्या ७८ आहे: ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधरांमधून व ७ शिक्षकांमधून येतात आणि १२ जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. अधिकारांच्या बाबतीत २८८ सदस्यांच्या विधानसभेचेच पारडे जड आहे. साधारण विधेयक परिषद पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यास आणखी एक महिना रोखू शकते. धन विधेयक तिला १४ दिवसांत परत पाठवावे लागते, मंत्रिमंडळही विधानसभेलाच जबाबदार असते. तरीही परिषदेतील जागा दुय्यम समजू नये, असे मला ठामपणे वाटते. प्रश्न, लक्षवेधी, विधेयकांतील दुरुस्त्या ही साधने तेथेही आहेत आणि हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात परिषदही भरते. पदवीधरांच्या नोकरभरतीचा किंवा विद्यापीठाच्या रखडलेल्या निकालांचा प्रश्न आपल्या आमदाराने तेथे मांडावा, हा आग्रह धरणे मतदारांचे काम आहे.

मतदान यंत्रावर नव्हे, मतपत्रिकेवर होते. केंद्रावर मिळणारे जांभळ्या शाईचे स्केचपेनच वापरावे; स्वतःच्या पेनाने लिहिलेले मत बाद होऊ शकते. आपल्या पहिल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोरील रकान्यात १ हा आकडा लिहावा, त्यानंतर हवे असल्यास इतरांसमोर २, ३, ४ असे लिहीत जावे. बरोबरची खूण, फुली, ‘एक’ असा अक्षरी शब्द, सही किंवा कोणताही शेरा नको. १ हा आकडा कोणासमोरच नसेल किंवा एकाहून अधिक नावांसमोर असेल, तर मत अवैध ठरते.

मतमोजणीत सर्वाधिक मते मिळवणारा लगेच विजयी होत नाही. त्याला कोटा गाठावा लागतो. वैध मतांना दोनने भागून, अपूर्णांक सोडून, एक मिळवला की कोटा निघतो. समजा, वैध मते १,००१ आहेत, कोटा ५०१. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: अ ४२०, ब ३१०, क १८०, ड ९१. कोणीही कोटा गाठला नाही, म्हणून सर्वांत मागे असलेला ड बाद होतो आणि त्याच्या ९१ मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहिली जाते. त्यांतील ६० वर ब, २० वर अ आणि ११ वर पुढची पसंतीच नाही. आता अ ४४०, ब ३७०, क १८०. पुढे क बाद होतो. त्याच्या मतांपैकी १५० ब कडे, २० अ कडे जातात आणि १० पुढे कोणाकडेही जात नाहीत. अ ४६० वर राहतो, ब ५२० वर पोहोचून निवडून येतो. पहिल्या फेरीत ११० मतांनी मागे असलेला उमेदवार केवळ दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या बळावर जिंकला; ज्या २१ मतदारांनी पुढचे आकडे लिहिले नाहीत, त्यांचा मात्र शेवटच्या लढतीत काहीच वाटा राहिला नाही.

दुसरी पसंती लिहिली तर पहिल्या पसंतीचे मत कमी होते, हा समज प्रचारात मुद्दाम पसरवला जातो. त्यावर विश्वास ठेवू नये. आपला पहिला उमेदवार स्पर्धेत आहे तोवर मतपत्रिकेवरील २ या आकड्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही. म्हणून ज्यांना आपण स्वीकारू शकतो, अशा सर्व उमेदवारांसमोर क्रमाने आकडे लिहावेत आणि जो मुळीच नको, त्याच्यासमोरची जागा कोरी ठेवावी.