बाळाची जीभ बांधलेली आहे का? आधी काय तपासायचं, कात्री कधी लावायची

जीभ उचलली की खाली मधोमध एक पडदा दिसतो. तो प्रत्येकालाच असतो. लोक त्याला शीर म्हणतात, पण ती शीर नव्हे. तो आखूड किंवा जाड असला आणि जिभेच्या शेंड्याच्या फार जवळ जोडलेला असला, तर शेंडा वर उचलत नाही, ओठाबाहेर येत नाही. हीच बांधलेली जीभ. बाळ रडताना जिभेला पत्त्यातल्या बदामासारखी खाच पडते. मात्र नुसती खाच दिसली म्हणून कापायचं नसतं. जिभेचं काम अडतंय का, एवढंच बघायचं.

तान्ह्या बाळात ते काम म्हणजे दूध ओढणं. बाळाला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्याकडे. हात धुऊन, नखं कापून दोन्ही तर्जनींनी जीभ अलगद वर उचला. मग एक बोट, मऊ बाजू टाळूकडे करून, चोखायला द्या. जीभ बोटाला खालून पन्हळीसारखी लपेटली आणि खालच्या हिरडीवर आली, तर बहुतेक ठीक आहे. सतत हिरडीच चावत असेल, चोखताना टक्-टक् आवाज येत असेल, आईच्या स्तनाग्राला चिरा पडत असतील, पाजून झाल्यावर ते चपटं दिसत असेल, तर पुढचा विचार करा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं.

इथेच घाई होते. यातल्या बऱ्याच तक्रारी बाळ नीट न धरल्यामुळे असतात. म्हणून आधी स्तनपानाची माहिती असलेल्या नर्सला किंवा डॉक्टरांना समोर एक वेळ पाजून दाखवा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या 2024 च्या अहवालातही सूर हाच आहे: आधी पाजण्याची मदत, मग कात्री. आणि मध-वेखंड चाटवून जीभ सुटत नाही. एक वर्षाच्या आत मध तर द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जंतूंची विषबाधा, होऊ शकतो.

मोठ्या मुलाचं काम वेगळं. तोंड उघडं ठेवून शेंडा वरच्या दातांमागे लागतो का, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना पोचतो का, गालात अडकलेला घास जिभेने काढता येतो का, हे बघा. मग बोलणं. ‘बाळ’, ‘दगड’, ‘लोणी’ म्हणायला लावा, यातल्या ‘ळ’, ‘ड’, ‘ण’ला शेंडा वर वळावा लागतो. ‘र’ उशिरा येतो. तीन वर्षांचं मूल ‘भाकली’ म्हणत असेल तर थांबा. ‘काका’ला ‘ताता’ म्हणण्याचा दोष तर बांधलेल्या जिभेचा नसतो, कारण ‘त’ला शेंडाच लागतो. मूल मुळात बोलतच नसेल, तर दोष या पडद्याला देऊ नका, आधी कान तपासा. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असणारी मुलं पुष्कळ. दोन भाषांमुळेही वाचा अडत नाही.

कापायचं ठरलं, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत सिव्हिलमध्ये किंवा खासगीत कान-नाक-घसा सर्जन, बालदंतवैद्य नाहीतर बालशल्यचिकित्सक गाठा. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर तो आधीच सांगा, आणि जन्मानंतर व्हिटॅमिन के दिलं होतं का हेही. बधिर करायला हिरड्यांना लावायचं बेंझोकेन जेल दोन वर्षांखालच्या बाळाला नको. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद धोकादायक इतकी घटू शकते.

तान्ह्या बाळाचा पडदा पातळ असेल तर काम काही मिनिटांचं. बाळाला दुपट्यात गुंडाळतात, मधे खाच असलेल्या उपकरणाने जीभ उचलतात आणि बोथट टोकाच्या कात्रीने पडदा कापतात. लाळेच्या नळ्यांची तोंडं दोन्ही बाजूंना अगदी जवळ असतात, म्हणून काप मधोमधच हवा. गॉजने दाबलं की चार थेंबांवर भागतं. लगेच पाजायचं.

जाड पडद्याला नुसता आडवा काप पुरत नाही. जखम आकसते आणि जीभ पुन्हा खेचली जाते. म्हणून इंग्रजी झेडच्या आकारात काप घेऊन विरघळणारे टाके घालतात. लहान मुलांना त्यासाठी पूर्ण भूल लागते, समजूतदार मुलाला जागेवरच्या इंजेक्शनवर जमतं. लेझरने रक्त कमी जातं, पण म्हणून ते अधिक चांगलंच असं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळी साय दिसते. तो पू नाही, खरवडू नका. आठ-पंधरा दिवसांत जाते. मोठ्या मुलाला पहिला आठवडा कडक भाकरी, शेंगाचटणी, हुरडा बंद. चटणीचे कण टाक्यात अडकतात. गार दूध, मऊ ताक-भात चालेल. दुखलं तर पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये कुठे 120 तर कुठे 250 मिलिग्रॅम असतं, लेबल वाचा. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मोठ्या मुलाला डॉक्टर सांगतील तेव्हापासून शेंडा टाळूला लावून पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. उच्चार मात्र वाचाउपचारतज्ज्ञांकडेच सुधारतात, जुनी सवय कात्रीने जात नाही. तान्ह्याच्या जखमेत बोट घालून ताणू नका. त्याचा फायदा सिद्ध नाही आणि बाळ तोंडाला हात लावू देईनासं होतं.

दहा मिनिटं गॉज दाबूनही रक्त थांबलं नाही, ताप आला किंवा बाळाने दूध सोडलं तर लगेच दवाखाना. आणि टाके घातलेल्या मुलाला जेवताना जिभेखाली सूज येत असेल, जेवणानंतर ओसरत असेल, तर लाळेची नळी टाक्यात अडकली असण्याची शक्यता असते. टाका विरघळायची वाट न बघता सर्जनला दाखवा.