कॉन्फरन्स भरवताय? आधी हॉटेलचा करार वाचा

टेक्निकल रायटर्सची, म्हणजे सॉफ्टवेअर-यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांची, कॉन्फरन्स भरवायची ठरली की पहिल्या बैठकीत सगळे विषयांवर तुटून पडतात. ‘डिटा’वर (मजकूर सुटे तुकडे करून लिहायचं एक XML मानक) सत्र हवं का, ‘डॉक्स अ‍ॅज कोड’ला (प्रोग्रामरांची साधनं वापरून माहितीपुस्तकं लिहायची पद्धत) किती जागा द्यायची, एआयचं काय? हे वाद रंगू द्या, त्यातूनच कार्यक्रम घडतो. फक्त तोवर हॉटेलच्या करारावर सही करू नका. आमच्या कॉन्फरन्सनंतर आलेलं बिल आठवलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो, म्हणून आधी हेच सांगतो.

हॉटेल सभागृह ‘फुकट’ देतं तेव्हा बदल्यात रूम ब्लॉक मागतं, म्हणजे ठरावीक रात्रींसाठी ठरावीक खोल्या तुमच्या नावावर. सोबत येतं अ‍ॅट्रिशनचं कलम. म्हणजे ठरल्यापेक्षा कमी खोल्या भरल्या तर भरपाईची अट. समजा १०० खोल्या, ३ रात्री आणि किमान ८० टक्के भरण्याची हमी. म्हणजे २४० रूम-नाइट्स. लोकांनी १९० घेतल्या तर उरलेल्या ५० चे पैसे तुमच्या माथी. इथवर बहुतेकांना कळतं. खरी मेख पुढे आहे: ही टक्केवारी एकूण मोजायची की रात्रीगणिक? पहिल्या रात्री ५०, दुसऱ्या रात्री १०० आणि तिसऱ्या रात्री ९० खोल्या गेल्या, तर बेरीज बरोबर २४०, देणं शून्य. तेच रात्रीगणिक मोजलं तर पहिल्या रात्रीच्या ३० खोल्यांचे पैसे भरा. आणि पहिली रात्रच रिकामी राहते, कारण बरेच जण थेट उद्घाटनाच्या सकाळी उगवतात.

शिवाय तुमचेच लोक त्याच हॉटेलात बुकिंग साइटवरून स्वस्तात खोली घेतात आणि ती तुमच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून लिहून घ्या: नोंदणीची यादी हॉटेलच्या पाहुण्यांच्या यादीशी ताडून पाहायची आणि आपल्या माणसाने कुठूनही घेतलेली खोली ब्लॉकमध्येच मोजायची. हॉटेलने रिकामी खोली दुसऱ्या कोणाला दिली तर ते पैसे आपल्या देण्यातून वजा. एका तारखेपर्यंत दंड न भरता ब्लॉक कमी करण्याची मुभा. जेवणावर किमान इतका खर्च कराच, अशी जी अट असते तिचंही असंच आहे: तीही नीट वाचा. सेवाशुल्क आणि कर सहसा त्या रकमेत धरत नाहीत, वरून लागतात.

घाबरू नका. हॉटेलं यातलं बरंचसं मान्य करतात, पण सहीच्या आधी मागितलं तरच. आणि वाक्यातला संदिग्धपणा हुडकणं हे तर आपलं रोजचं काम!

पूर्वी कॉन्फरन्स भरवलेले ज्येष्ठ ‘होऊन जातं सगळं’ म्हणतात. त्यांचं होऊन गेलेलं असतं, कारण हिशेब दुसऱ्याने निस्तरलेला असतो. मला विचाराल तर माजी अध्यक्षापेक्षा माजी खजिनदाराला गाठा. गेल्या वर्षीची एक्सेल शीट उचलून आकडे थोडे फुगवायचे, हा शॉर्टकट तर मला मुळीच पटत नाही.

सही कोणाच्या नावाने होतेय, तेही पाहा. पाठीशी मोठी संस्था आहे म्हणून बिनघोर राहू नका. १९५३ पर्यंत मुळं जाणारी अमेरिकेतली टेक्निकल रायटर्सची संस्था सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली.

पहिलंच वर्ष असेल तर आवाका लहान ठेवा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला सुरू झालेल्या ‘राइट द डॉक्स’ या कॉन्फरन्सच्या रचनेतून उचलण्यासारखं बरंच आहे: मुख्य भाषणं एकाच मंचावर, बाजूला ज्याला जो विषय सुचेल त्यावर गप्पांची टेबलं, आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून डॉक्युमेंटेशन लिहायचा. याला दहा सभागृहं लागत नाहीत, त्यामुळे तेवढा मोठा रूम ब्लॉकही गळ्यात पडत नाही.

प्रस्ताव नावं झाकूनच तपासा, नाहीतर दरवर्षी तेच चेहरे. टूल विकणाऱ्या कंपनीला स्टॉल द्या, बॅनर द्या, मुख्य सत्र विकू नका. श्रोत्यांना डेमो आणि भाषण यातला फरक पहिल्या दोन मिनिटांत कळतो. ज्यांचे प्रस्ताव नाकारले त्यांना दोन ओळींत कारण कळवा आणि पाच मिनिटांचं लाइटनिंग टॉक सुचवा. नवख्यांपैकी काही जण नाही म्हणतील. त्यांना कॉन्फरन्सच्या पहिल्या दुपारी पुन्हा विचारा. तोवर इतरांची बोलताना उडालेली तारांबळ त्यांनी पाहिलेली असते.