व्यसनातून बाहेर पडताना : पहिला आठवडा आणि पुढचे वर्ष

कोल्हापूर परिसरातील अनेक घरांत दारू सोडवण्याचा पहिला उपाय ठरलेला असतो. अंबाबाईच्या किंवा जोतिबाच्या दारात शपथ घ्यायला लावायची, गळ्यात माळ घालायची आणि त्या क्षणापासून बाटली बंद. या शपथेमागची घरच्यांची तळमळ खरी असते आणि श्रद्धेचा आधार पुढच्या काळात अनेकांना तारूनही नेतो. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे रोज पीत आला आहे, ज्याला सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय चहाची बशी न सांडता ओठांपर्यंत नेता येत नाही, त्याने डॉक्टरांना न दाखवता एका दिवसात दारू तोडणे त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून शपथ जरूर घ्यावी, पण ती दवाखान्यात केसपेपर काढून झाल्यावर घ्यावी.

आधी व्यसन आहे की नाही हे ओळखायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात यासाठी सहा लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी तीन किंवा अधिक एकत्र दिसली तर अवलंबित्व मानले जाते. पिण्याची अनावर ओढ लागते. 'आज एकच क्वार्टर' असे ठरवूनही हात थांबत नाही. दारू मिळाली नाही की थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पूर्वी जेवढ्याने चढत असे तेवढ्याने आता काहीच होत नाही. शेत, पाळी, मुले, तालीम या सगळ्यांतून मन उडून दिवस पिण्याभोवती फिरू लागतो. आणि यकृत बिघडल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरही पिणे चालूच राहते. या यादीत रस्त्यावर पडणे किंवा बायकोला मारणे नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. नियमित कामावर जाणारा, कोणाशी वर दृष्टी करून न बोलणारा माणूसही पूर्ण व्यसनी असू शकतो आणि अशांच्याच घरी उपचाराला सर्वांत उशीर होतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कोणताही उपचार मिळालेला होता.

पहिला आठवडा

दारू मेंदूचे काम मंदावते. रोजच्या रोज हे होऊ लागले की मेंदू उलट बाजूने जोर लावून स्वतःला जागे ठेवायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्या गटाने अचानक दोर सोडावा आणि आपला गट मागच्या मागे कोसळावा, तसे दारू एकाएकी बंद झाली की मेंदूचा तो साठलेला जोर मोकळा सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, उलट्या, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालत असल्यासारखे ते झटकू लागतात, नसलेल्या माणसांशी बोलतात, दिवस कोणता आणि आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नाही, ताप चढतो. याला घरात 'बाहेरचे झाले' म्हणून अंगारा लावत बसू नये. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. रात्र असली तरी रुग्णाला रुग्णालयात हलवावे. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, रोजचे प्रमाण मोठे असेल, वय जास्त असेल किंवा हृदयाचा, यकृताचा आजार असेल, तर पहिला आठवडा दाखल होऊनच काढावा.

रुग्णालयात डॉक्टर ठरावीक मात्रेत शामक गोळ्या देतात आणि काही दिवसांत त्या उतरवत नेतात. सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिले जाते. याबद्दल घरच्यांनी विशेष जागरूक असावे, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेले असते आणि अशा माणसाला ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊन स्मृती जाऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, सलाईन लावा' एवढेच सांगू नये. किती वर्षे, रोज किती आणि शेवटचे कधी प्यायले, हे लाज न बाळगता सांगावे.

गुपचूप औषध देऊ नये

'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात आणि पिचलेली बायको किंवा आई आमटीतून पूड कालवून देते. तिचा हेतू समजण्यासारखा आहे, पण हे करू नये. अशा पुड्यांत नक्की काय असते याची खात्री नसते आणि पुष्कळदा डायसल्फिराम या औषधाची गोळीही अशी लपवून दिली जाते. हे औषध दारूचे शरीरातील विघटन अर्ध्यावर थांबवते. त्यावर प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. ज्याला आपण गोळीवर आहोत हे माहीतच नाही, तो नेहमीप्रमाणे पिणारच. रुग्णाची संमती घेऊन, तपासण्या करून आणि शेवटच्या पेल्यापासून किमान बारा तास उलटल्यावर हेच औषध उपयोगी ठरते. बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते, म्हणून तीही या काळात टाळावीत. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही वेगळी औषधे आहेत. कोणाला कोणते द्यायचे हे यकृत आणि मूत्रपिंड पाहून मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात.

कुठे जावे, कसे बोलावे

भाऊसिंगजी रोडवरील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि तिथल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करणे बहुतेकांना परवडते. जाण्याआधी फोनवर बोलायचे असल्यास १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याबाबत फोनवरून सल्ला देणारी सेवा, दोन्ही विनाशुल्क आहेत. निवासी उपचारांसाठी पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र महाराष्ट्राला परिचित आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. इतर कोणतेही केंद्र निवडताना नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का हे विचारावे. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पूर्ण मनाई केली आहे. 'आमच्याकडे मारून सरळ करतात' असे जे केंद्र अभिमानाने सांगते, तिथून उठून यावे.

समजावण्याची वेळ रात्रीची नसते. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून हाती काही लागत नाही. सकाळी, तो शुद्धीवर आणि थोडा ओशाळलेला असताना, घडलेली एखादीच घटना सांगावी आणि लगेच पुढचे पाऊल समोर ठेवावे : "काल रात्री तुम्ही जिन्यात पडलात, पोरगं घाबरून रडत होतं. उद्या आपण सीपीआरला जाऊया, मी केसपेपर काढते." जुन्या सगळ्या चुकांचा पाढा वाचला की माणूस ऐकणे थांबवतो.

त्याच वेळी घरच्यांनी पांघरूण घालणेही थांबवले पाहिजे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सकाळची पाळी चुकली की बायको सुपरवायझरला फोन करून "त्यांना ताप आलाय" म्हणते, भाऊ दुकानातली उधारी भागवतो, वडील गाडीचा दंड भरतात. अशाने पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. जेवण, औषध आणि माया यांत हात आखडू नये. पण खोटे बोलणे आणि उधारी फेडणे बंद करावे. हे फार अवघड आहे, विशेषतः ज्या घरात त्याच्याच पगारावर चूल पेटते तिथे, आणि म्हणून सासर-माहेरच्या मोठ्यांनी अशा बाईला एकटे पाडू नये. मारहाण होत असेल, तर उपचारांची वाट न पाहता आधी तिने आणि मुलांनी सुरक्षित ठिकाणी जावे.

दारूखेरीज इतर नशांचे सांगायचे तर, गर्द (हेरॉइन) किंवा अफूच्या इतर पदार्थांची टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, अतिशय यातनामय असते, तरी फिटचा धोका तिथे सहसा नसतो; झोपेच्या गोळ्या मात्र दारूप्रमाणेच एकदम तोडणे घातक आहे. पोलिसांच्या भीतीने पालक मुलाला दवाखान्यात नेत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांबाबत खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

पुढचे वर्ष

आठवड्याने थरथर थांबते, भूक लागते, चेहऱ्यावर तेज येते आणि घरचे म्हणतात, 'सुटली एकदाची.' खरे काम इथून सुरू होते. झोप, चिडचिड आणि उदासी सावरायला कित्येक महिने लागतात. या काळात औषधांचा फॉलो-अप चुकवू नये आणि आपल्यासारख्याच लोकांत नियमित बसावे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिच्या मीटिंगा भरतात. तिथे फी नसते, नाव सांगण्याची सक्ती नसते, आणि 'आयुष्यभर' ऐवजी 'फक्त आजचा दिवस' एवढाच निश्चय करायला शिकवतात. घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे.

धोक्याचे दिवस आधीच वहीत लिहून ठेवावेत. आपल्याकडे ते ठरलेले असतात : उसाचे बिल खात्यावर जमा होण्याचा दिवस, दिवाळीचा बोनस, गावची यात्रा, भावकीतली हळद, मंडळाची मिरवणूक, निवडणुकीचा हंगाम, गटारी आणि एकतीस डिसेंबर. पैसे येण्याआधीच बँकेचे कार्ड पत्नीकडे द्यावे. यात्रेच्या जेवणाला दुपारी जाऊन तांबडा-पांढरा खाऊन उजेडीच परतावे. तालमीतल्या एखाद्या विश्वासू मित्राला खरे सांगून ठेवावे, म्हणजे कोणी ग्लास पुढे केला तर तो मध्ये पडेल. ओढ आली तर ती बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जेवावे, आंघोळ करावी, रंकाळ्याला एक फेरी मारावी, कोणाला तरी फोन करावा. रिकामे पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ सर्वांत जास्त फसवते.

एवढे करूनही स्लिप, म्हणजे पुन्हा एखाद्या वेळी पिणे किंवा नशा करणे, होऊ शकते. अमेरिकेच्या अमली पदार्थ संशोधन संस्थेनुसार उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात आणि हे प्रमाण रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांच्या उपचार सुटण्याच्या प्रमाणाएवढेच आहे. मध्यंतरीच्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे गर्द किंवा तत्सम पदार्थ जुन्याच मात्रेत घेतल्यास श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. हे रुग्णाला केंद्रातून घरी आणतानाच स्पष्ट सांगून ठेवावे. दारूच्या स्लिपनंतर घरच्यांनी रात्री काही बोलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाने आदल्या दिवशी कोण भेटले, कुठे गेलो, पैसे कुठून आले आणि पहिला विचार नेमका कधी आला हे वहीत क्रमाने लिहावे, आणि ती वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे.