दीनी तालीमसाठी सरकारी बजेट मागायचंय? आधी तास मोजा

किशोरवयीन मुलामुलींच्या दीनी तालीमचा, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाचा, कार्यक्रम सरकारी बजेटमध्ये बसवायचा असला की बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात, म्हणजे मागच्या वर्षी एवढी तरतूद होती, त्यात दहा टक्के वाढवा आणि पाठवून द्या. मग वित्त विभागाने कात्री लावली की पहिले उस्तादांचं (शिक्षकांचं) मानधन जातं, कारण ते कशासाठी किती लागतं हे कागदावर कुठे लिहिलेलंच नसतं.

सगळ्यात आधी कायदा बघा, हे टाळू नका. इंडोनेशियात मदरसे धर्म मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत आणि घटनेप्रमाणे बजेटचा किमान 20 टक्के वाटा शिक्षणाला द्यावा लागतो, तिथे मागणीला सरळ जागा आहे. भारतात घटनेचं कलम 28 सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तुमच्याकडे काय चालतं त्यावर ठरतं की कुठला भाग सरकारकडे मागायचा आणि कुठला समाजाने उचलायचा.

आता वय. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षांना किशोरवय धरते पण आपल्याला खरी रेघ बुलूगची, म्हणजे वयात येण्याची, आहे, कारण बालिग झाल्यावर नमाज-रोजा फर्ज होतो आणि खुणा दिसल्या नाहीत तर बहुतेक फकीह (धर्मशास्त्राचे जाणकार) चांद्र 15 वर्षांचं वय धरतात. म्हणून 11 वर्षांचा मुलगा आणि 16 वर्षांची मुलगी एकाच बॅचमध्ये दाखवू नका. तहारत (शुद्धता), गुस्ल (शुद्धीची अंघोळ), पाळीच्या दिवसांचे मसले हे सगळं नेमकं याच वयात नीट समजायला हवं आणि मुलींना ते बाईंकडूनच शिकता आलं पाहिजे, नाहीतर त्या विचारतच नाहीत, आणि मनातले प्रश्न तसेच घेऊन मोठ्या होतात. उस्तानीचं, म्हणजे शिक्षिकेचं, पद ही सोय नाहीये, तो कार्यक्रमाचा कणा आहे.

मग तास मोजा. समजा 360 मुलं आहेत, एका बॅचला 30, म्हणजे 12 बॅच. प्रत्येकीला आठवड्याला 3 तास, म्हणजे 36 तास. एक शिक्षक आठवड्याला 18 तास शिकवू शकतो असं धरलं तर 2 शिक्षक, आणि निम्म्या बॅच मुलींच्या असतील तर एक उस्ताद, एक उस्तानी. झालं, आता मानधनाची मागणी हवेतली राहिली नाही. कोणी म्हणालं निम्मं करा तर तुम्ही सांगू शकता की 6 बॅच बंद होतील, 180 मुलं घरी बसतील, आणि सहसा कुठल्या बॅच बंद होतात तेही सांगा, मुलींच्या.

दरवर्षी असं शून्यापासून सगळं सिद्ध करायची पद्धत 1970च्या दशकात जिमी कार्टर यांनी आधी जॉर्जिया राज्यात आणि मग अमेरिकेच्या केंद्र सरकारात आणली होती, 1981 मध्ये केंद्रात ती बंद झाली, कागदपत्रांचा भार हे त्यातलं मोठं दुखणं होतं. म्हणून माझं मत असं की सगळ्या खात्याला हे लावू नका, फक्त प्राधान्याच्या कार्यक्रमाला लावा आणि तेही दर तीनेक वर्षांनी.

आवर्ती आणि अनावर्ती खर्च वेगळे मांडा. इमारत, बाकं, कॉम्प्युटर एकदाच लागतात आणि फोटोत छान दिसतात म्हणून लवकर मंजूर होतात, मानधन मात्र दर महिन्याला लागतं. नवी खोली मागताना तिच्यात शिकवणाऱ्याचं पुढच्या तीन वर्षांचं मानधन त्याच प्रस्तावात दाखवा, नाहीतर खोलीला कुलूपच राहतं.

रमजानचं गणित तर जवळजवळ सगळे विसरतात. हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो आणि आर्थिक वर्ष आपल्या जागी असतं. 2030 मध्ये तर रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू होणार आहे. रमजानची खास शिबिरं ठेवली असतील आणि पहिला हप्ताच तीन महिने उशिरा येत असेल तर शिबिराचे पैसे कधी हातात येतील ते आत्ताच तारखा टाकून बघा, नाहीतर निधी अखर्चित राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच कारणाने कापला जातो.

जकात (धर्माने ठरवलेलं दान), वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची दिलेली मालमत्ता) आणि सरकारी पैसा एका खात्यात कधीच टाकू नका. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या 60व्या आयतीत सांगितलेत, वक्फची मूळ मालमत्ता राखायची असते आणि उत्पन्न वाकिफच्या (वक्फ देणाऱ्याच्या) शर्तीप्रमाणेच खर्च करायचं असतं. तीन वेगळी खाती, तीन वेगळ्या वह्या. जकातीतून गरीब मुलाची फी द्यायची की नाही असा प्रश्न आला तर मुफ्तींना विचारा आणि उत्तर लेखी घेऊन फाइलला लावा, लेखापरीक्षणात ते कामाला येतं.

शेवटी निकाल कसा दाखवायचा. "12 कार्यक्रम घेतले" याने काहीच कळत नाही. किती मुलं न अडखळता नाझिरा (बघून कुरआन) वाचतात, किती जणांना वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं) आणि नमाजचे फर्ज सांगता येतात, वयाच्या 14व्या वर्षानंतर किती जण टिकले, असे तीनचार आकडे पुरेत, आणि मुलामुलींचे वेगळे. अखलाकला (वागणुकीला) मार्क देऊ नका, ईमानाचा (श्रद्धेचा) तर रकानाच नको. ते उस्तादांनी मुलाशी आणि आईवडिलांशी बसून बोलायचं असतं, म्हणून त्या बोलण्यासाठी महिन्याला दोन तास वेळापत्रकात आणि मानधनात आधीच धरून ठेवा.