येशू कोण, हे शिकवताना या चुका टाळा

दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात पक्कं करण्याचा) वर्ग भुसावळचा असो की धुळ्याचा, काही घोटाळे ठरलेले. १९७० मध्ये इथली अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली) मंडळी सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, विलीन झाली, पण ख्रिस्ताविषयीची शिकवण जुनीच राहिली आणि ती शिकवतानाच्या चुकाही जुन्याच.

सगळ्यात सर्रास चूक म्हणजे वाटणी. येशूला भूक लागली, तो रडला, हे 'माणूस' खात्यात. वादळ शमवलं, लाजराला उठवलं, हे 'देव' खात्यात. पोरांना पटकन कळतं, आपणही खूश. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "मंग क्रुसावर मेलं कोन?" इथं वाटणीवाल्याची बोलती बंद! ४५१ च्या कॅल्सिडॉन इथल्या चर्च-परिषदेनं स्वभाव (म्हणजे देवपण आणि माणूसपण) दोन, पण व्यक्ती एकच, असं ठरवलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणीच्या १५७१ च्या एकोणचाळीस कलमांपैकी दुसरं कलमही तेच धरून आहे: दोन्ही स्वभाव एका व्यक्तीत जोडलेले, कधीही वेगळे न होणारे, आणि दुःख सोसून मेला तो हाच एक ख्रिस्त.

त्यापेक्षा मार्कचा चौथा अध्याय उघडा. तारू पाण्यानं भरत चाललंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, थकलेल्या माणसासारखा गाढ. शिष्य उठवतात. तोच उठून वाऱ्याला दटावतो. झोपणारा एक आणि दटावणारा दुसरा, असं तिथं काही नाही. शिष्यांना पडलेला प्रश्न अहिराणीत विचारा: "हाऊ शे तरी कोन?" आणि थोडं थांबा. उत्तराची घाई नको.

उलट्या बाजूची चूक म्हणजे देवानं माणसाचं नुसतं सोंग घेतलं, असं सुचवणं. नाताळच्या देखाव्यात बर्फ म्हणून शेतातला कापूस पसरतो, गव्हाणीत गुलाबी बाहुली आणि तिच्याखाली बल्ब. दिसायला छान, पण हे बाळ कधी रडलं असेल असं वाटत नाही.

दूध-साखरेचा दाखलाही सोडून द्या. साखर विरघळली की तिचं वेगळेपण संपतं. ही तर युटिकसचीच चूक झाली; ख्रिस्ताचं माणूसपण देवपणात विरून गेलं, असं तो पाचव्या शतकात शिकवायचा. शिकवलेलं तपासायला इंग्लंडचे अँग्लिकन धर्मपंडित रिचर्ड हूकर यांची १५९७ ची कसोटी पुरे: खरोखर देव, पूर्णपणे माणूस, एकच, तरी दोन्ही स्वभाव वेगळे. कॅल्सिडॉनसह पहिल्या चार चर्च-परिषदांचं सार एवढ्यात येतं.

अटकेआधी येशूनं गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, तेव्हा "तो स्वतःचीच प्रार्थना करत होता का?" असं विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. तो पित्याशी बोलत होता, आणि त्याची मानवी इच्छा खरी होती म्हणूनच ती प्रार्थना जड गेली, एवढं सांगा. तरी शंका उरली तर उरू द्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही ख्रिस्ताच्या देवत्वावर तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून जोरदार वाद घातला.